शेपटाकडून खायची तारली

पास्कोकाकांचे हात स्वस्थ असलेले मी फार क्वचित पाहिले. जेवताना, बोलताना, कुणाच्या मयताला उभे असतानासुद्धा ते हात कुठेतरी जायला निघालेले असत. उजवा जरा वर, डावा कमरेशी, मग दोन्ही एकदम डावीकडे. त्यांना स्वतःला ते कळत नसे. समोरच्याला मात्र कळे, कारण आमच्या पोर्थगेलन गावच्या प्रत्येक नावाड्याला लहानपणापासून त्या हातांकडे बघून होडी वळवायची सवय होती.

एका रविवारी चॅपलमध्ये बाहेरगावचे उपदेशक आले होते. नरकातल्या अग्नीचं वर्णन चांगलं रंगात आलं होतं. पास्कोकाकांच्या अंगात भक्ती संचारली आणि त्यांनी दोन्ही हात उंच करून झपकन उजवीकडे नेले. मागच्या बाकांवरची होडीवाली मंडळी एका झटक्यात उठली आणि उजव्या दाराकडे चालू लागली. दोघे तर बाहेर पोचलेसुद्धा. उपदेशकांना वाटलं, आपलं बोलणं इतकं भिनलं की माणसं पश्चात्तापानं पळत सुटली. गावानं त्यांना खरं काय ते कधीच सांगितलं नाही.

पास्को केलिनॅक आमच्या गावचे हाकारी होते. वडील हाकारी, आजोबाही हाकारी. जूनच्या अखेरीस सेंट पीटरचा सण झाला की ते गावाबाहेरच्या कड्यावर चढायचे आणि शरदातले वारे सुटेपर्यंत, रविवार सोडून, दिवसभर तिथल्या दगडी आडोशापाशी उभे राहायचे. तारलीचा थवा खाडीत शिरला की पाण्यावर जांभळट-तांबूस सावली पडते, ढगाची पडते तशी. फरक इतकाच की वर ढग नसतो. ती दिसली की काका पितळी कर्णा तोंडाला लावून ‘हेऽव्वा! हेऽव्वा!’ अशी आरोळी ठोकत आणि सगळं गाव हातातलं काम टाकून पळत सुटे. त्यानंतर आवाज उपयोगाचा नाही. दोन हातांत काटेरी झुडपाच्या दोन फांद्या घ्यायच्या, त्यांवर पांढरं फडकं बांधलेलं असे, आणि होडीला खुणा करायच्या. होडीत बसलेल्याला मासा दिसत नाही. त्याला कड्यावरचे ते दोन पांढरे ठिपके दिसतात, आणि तो त्यांच्यावर विसंबून जाळं सोडतो. थवा निसटला तर हिवाळाभर गावाच्या पोटाला चिमटा.

म्हणून हाकाऱ्याला एक नियम असे. पाण्यावरची नजर काढायची नाही, मागे वळायचं नाही. काकांच्या वडिलांना म्हणे कुणीतरी धापा टाकत वर येऊन सांगितलं, “घराला आग लागलीय!” त्यांनी पाण्याकडे बघतच विचारलं, “कुणाच्या?” त्यांच्याच लागली होती.

मी काकांच्या शेजारी राहायचे आणि जाळी ठेवायच्या माळ्यावर गावातल्या मुलांची शाळा चालवायचे. त्यांची पहिली बायको गेल्यावर बरीच वर्षं त्या घरातून फक्त येरझाऱ्यांचा आवाज ऐकू यायचा. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी लव्हडे होस्किनशी लग्न केलं तेव्हा गावाला आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही, कारण ती दोघं भेटली तेव्हा मी तिथेच होते.

लव्हडे वरच्या माळावरची, कथिलाच्या खाणीच्या वस्तीतली. खाणीतून आलेले धोंडे हातोड्यानं फोडायचं काम बायका करतात, तेच करत ती वाढली. खांदे रुंद, चालणं झपाझप, बोलणं त्याहून झपाझप. हिवाळ्यासाठी खारवलेली तारली न्यायला ती खाली आली होती. तिनं पिंपातली एक तारली उचलून उजेडात धरली.

“ही मासळी आहे की मोच्याकडनं आणलीत?”

खारवणीच्या तळघराची मुकादम विल्मटमावशी ट्रेगिअर. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नसे. ती म्हणाली, “पोरी, ही तारली साहेबांच्या ताटात इटलीपर्यंत जाते.”

“जाईल की. तिथून परत येत असेल चालत, त्याशिवाय एवढी झिजलेली नाही दिसायची.”

कोपऱ्यात उभे असलेले पास्कोकाका इतके हसले की त्यांचे दोन्ही हात वर गेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “यांना काय झालं? उडणारेत का?” पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

तिच्या इथल्या पहिल्याच सेंट पीटरच्या सणाला ते घडलं. धक्क्यावर फळ्या टाकून सगळं गाव जेवायला बसलं होतं. हंगामाच्या आधी छोट्या जाळ्यात सापडलेली थोडी ताजी तारली निखाऱ्यावर भाजलेली होती. आमच्याकडे तारली शेपटाकडून खायला लागतात आणि डोक्याशी संपवतात. मग समुद्रातला मासाही डोकं किनाऱ्याकडे करतो. डोक्याकडून खाल्ली, तर तो तोंड फिरवून खोल पाण्यात निघून जातो. बोलता न येणारं मूलही आमच्याकडे शेपटापासून सुरुवात करतं. हे लव्हडेला सांगायला हवं, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चमचा कुठल्या टोकानं धरायचा, हे कुणी पाहुण्याला सांगतं का?

तिनं तारली उचलली आणि डोक्याकडून मोठा घास घेतला.

“अगं पोरी! थांब!” विल्मटमावशी किंचाळली.

लव्हडे दचकून थांबली. अर्धा मासा तोंडात, अर्धा हातात.

“आता थांबवू नकोस तिला,” मावशीचा मुलगा सॅम्प्सन म्हणाला. तो जाळ्याच्या मोठ्या होडीचा तांडेल. “अर्ध्यात सोडला तर मासा खाडीच्या तोंडात आडवा पडायचा.”

काही जण हसले. पास्कोकाका हसले नाहीत. त्यांचे हात मांडीवर अस्वस्थ हलत होते. लव्हडेनं उरलेली तारली खाल्ली, शेपूट तेवढं राखलं आणि उठून धक्क्याच्या भिंतीवर, माळाच्या बाजूला तोंड करून ठेवलं.

“हे काय आणि?” मावशीनं विचारलं.

“खालच्यांना,” लव्हडे म्हणाली.

खालचे म्हणजे खाणीतले छोटे लोक. जमिनीखाली टकटक करत हिंडतात, दगड ढासळायचा असला तर आधी सांगतात, पण मानपान लागतो. त्यांच्या कानावर शीळ पडता कामा नये आणि जेवणातला शेवटचा घास त्यांचा. पेस्टी, म्हणजे मांस-बटाटे भरलेली आमची ती भलीथोरली करंजी, तिचं टोक त्यांच्यासाठी टाकायचं. तारलीचं शेपूट ठेवायचं. लव्हडेच्या वडिलांनी एकदा थट्टेत पेस्टी टोकासकट संपवली होती. त्याच दिवशी त्यांच्यावर खाणीचं छत कोसळलं. आता तिचा धाकटा भाऊ रूबेन त्याच खाणीत उतरत होता.

“मग डोकं ठेव की त्यांना,” मावशी म्हणाली. “शेपटाकडून खा, डोकं दे. तुझंही झालं, आमचंही झालं.”

“डोक्याला डोळे असतात, मावशी. डोळे असलेलं काही त्यांना द्यायचं नाही. अंधारात कुणी टक लावून बघितलेलं त्यांना खपत नाही.”

सणाच्या दिवशी बोलणं तिथेच थांबलं.

जुलै सरला. मासा आला नाही. शेजारच्या गावांनाही फारसं काही लागलं नव्हतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. बायकांनी पिंपं धुतली, उन्हात वाळवली आणि करायला काही नाही म्हणून पुन्हा धुतली. तळघरातलं मीठ दमट हवेत ढेकळं धरू लागलं. पुरुष कामाशिवाय कड्यावर चढत, काकांच्या मागे थोडा वेळ उभे राहत आणि काही न विचारता उतरत. शाळेत मुलं खिडकीला कान लावून बसत. बाहेर गाढव ओरडलं तरी निम्मी उठून उभी राहत आणि मी त्यांना रागावत नसे, कारण मीही उठलेली असे.

लव्हडेनं मासळी खाणंच सोडलं. पण झालेलं कसं पुसायचं? विल्मटमावशीचं म्हणणं होतं, तिनं सगळ्यांदेखत एक अख्खी तारली शेपटाकडून खावी, मागे शेपूटही ठेवू नये. त्याशिवाय मासा परत वळणार नाही. विहिरीवर लव्हडे आली की बायकांचं बोलणं थांबे. एक जण गोड आवाजात म्हणे, “तुमच्या माळावर बरंय बाई, धोंडे तोंड फिरवून पळून जात नाहीत.” लव्हडे बादली उचलून म्हणे, “नाही जात. डोक्यात घातले तर बसतातही बरोबर.” बाहेर ती अशी बोलायची. घरी आल्यावर मात्र मी तिला भिंतीपाशी उभी राहून माळाकडे बघताना पाहिलं आहे.

एका संध्याकाळी काका कुंपणाच्या भिंतीवर हात टेकून उभे राहिले. टेकलेले हातही हलत होते.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. माशाला कळतं का हो, किनाऱ्यावर कोण काय कुठून खातंय ते?”

“मला नाही वाटत, काका.”

“तुम्हाला वाटत नाही. मला वाटतं. हीच तर पंचाईत.” ते समुद्राकडे बघत राहिले. “तिला खोटी म्हणू शकत नाही. तिचा बाप खरंच मेलाय. आणि आपलं खोटं म्हणू, तर मी आयुष्यभर वर उभा कशाच्या भरवशावर राहिलो?”

वरच्या शेतांवर गव्हाची कापणी सुरू झाली तेव्हा विल्मटमावशी आणि सॅम्प्सन काकांच्या अंगणात आले. मी कपडे वाळत घालत होते. आमच्या अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत, त्यामुळे न ऐकण्याची सोय नाही.

“पोरं होडीत बसायला कुरकुरताहेत, काका,” सॅम्प्सन म्हणाला. त्याची मान खाली होती. काकांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून खुणा शिकवल्या होत्या. “म्हणतात, वल्ही मारून जायचं कुठे?”

“तिला आईकडे पाठव, पास्को,” मावशी म्हणाली. “हंगाम संपेपर्यंत. तेवढंच माहेरपण.”

लव्हडे दारात येऊन उभी राहिली. “आणि पुढच्या हंगामात, मावशी?”

मावशी सॅम्प्सनकडे बघू लागली.

“त्याच्या पुढच्या?”

आता गेली तर ती कायमची गेली, हे चौघांनाही कळलं होतं. भिंतीपलीकडे मलाही कळलं.

“उद्या सकाळी धक्क्यावर या,” लव्हडे म्हणाली. “खाते मी तुमची तारली. सगळ्यांदेखत. शेपटासकट.”

सकाळी सगळं गाव जमलं. ताजी मासळी कुठून असणार? गेल्या वर्षीच्या पिंपातली एक खारवलेली तारली भाजून मावशीनं थाळीत आणली. लव्हडेनं ती उचलली, शेपूट पुढे धरलं आणि तोंडाशी नेलं. वारा माळावरून खाली येत होता. अशा वाऱ्यात खाणीचा वाफेचा पंप गावात ऐकू येतो, आजारी माणसाच्या श्वासासारखा. तो ऐकू येत होता. लव्हडेचे ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले.

“रूबेन आज खाली आहे,” ती म्हणाली आणि तिनं हात खाली घेतला.

“मग निघ,” विल्मटमावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “आजच निघ, पोरी. काय करणार?”

तेव्हा पास्कोकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी लव्हडेच्या हातातली तारली घेतली, बोटांत फिरवली आणि डोकं तोंडात घालून कचकन चावली.

काका काट्यांसकट चावत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास बसत नसल्यासारखा चेहरा झाला होता. त्यांच्या लेखी ते समुद्राच्या तोंडावर दार आपटत होते. शेपटापाशी ते थांबले. भिंतीपर्यंत चालत गेले, शेपूट माळाकडे तोंड करून ठेवलं आणि वळले.

“आता मासा आला नाही तर माझ्यामुळे,” ते म्हणाले. “मला पाठवा माहेरी.”

एरवी यावर हशा पिकला असता. सॅम्प्सनचा चेहरा राखेसारखा झाला होता. “काका, दुसऱ्या कुणी खाल्ली असती तर... तुम्ही हाकारी आहात.”

“हो.”

“पोरं आता तुमच्या खुणेवर जाळं टाकायची नाहीत. रविवारनंतर दुसरा कुणीतरी वर चढवावा लागेल.”

“रविवारपर्यंत तर मीच आहे ना?” काका म्हणाले आणि फांद्या काखेत मारून कड्याची वाट चालू लागले. लव्हडेकडे त्यांनी पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर त्यांना चालता आलं नसतं.

लव्हडे घरी गेली. थोड्या वेळानं तिच्या चुलीतले निखारे ओढून विझवल्याचा आवाज आला. मग ती माझ्या दारात आली, हातात गाठोडं.

“बाई, त्याचा बाप त्याच दगडावर उभा राहिला. आजा तिथेच. आणि माझ्यासाठी हा खाली उतरणार? मी गेले तर निदान त्यांचा राग निवेल. ठेवतील त्याला.”

“काकांना विचारलंस?”

“विचारलं तर नाही म्हणेल. म्हणून तर जातेय.”

तिला थांबवायला माझ्याजवळ चांगलंसं कारण नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “न सांगता जाऊ नकोस. कड्यावरून जा.”

माळाची वाट कड्याच्या मागूनच जाते. तिथे काय झालं ते दोघांनी मला नंतर वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात तिळमात्र फरक नव्हता, आणि नवरा-बायकोच्या बाबतीत हे मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

ती आडोशामागे उभी राहिली. काका पाठमोरे.

“पास्को, मी निघाले.”

उत्तर नाही.

“आईकडे. तू काही बोलू नकोस, माझं ठरलंय. तुझं जेवण झाकून ठेवलंय.”

उत्तर नाही. हातही हलत नव्हते. एरवी झोपेतसुद्धा हलणारे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

“बोलू नकोस म्हणाले म्हणून बोलत नाहीस? वळून तरी बघ. शेवटचं.”

ते वळले नाहीत. ती आणखी थोडा वेळ थांबली. मग गाठोडं खांद्यावर टाकून चढणीला लागली. रडत नव्हती, असं ती म्हणते. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं.

काकांना खाडीच्या तोंडाबाहेर एक डाग दिसला होता. ताटाएवढा. वर ढगाची एक चिंधी होती, तिची सावली असेल किंवा नसेल. पापणी लववली असती तरी तो पुन्हा सापडला नसता. खोटी आरोळी दिली असती तर, त्या सकाळनंतर, दुसरी आरोळी कुणी ऐकलीच नसती. मागून येणारा एकेक शब्द त्यांना ऐकू येत होता. “बाई, माझी मान अशी दुखायला लागली,” ते मला म्हणाले, “जणू कुणी दोन्ही हातांनी धरून मागे पिरगाळतंय.” पावलं दूर गेली. ढग सरकला. डाग तिथेच राहिला. मग तो पसरला, तांबूस झाला आणि त्याच्यावर पांढरे पक्षी दगडासारखे पडू लागले.

“हेऽव्वा! हेऽऽव्वा!”

शाळेत मी फळ्याकडे तोंड करून होते. वळले तेव्हा वर्ग रिकामा होता. गल्लीत बायका धावत होत्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या केसांना अर्धी वेणी. आणि होडीवाले, रविवारनंतर नवा माणूस वर चढवणारे तेच, वल्ह्यांवर तुटून पडले होते. कुणी डोकं की शेपूट ते विचारलं नाही. सॅम्प्सन होडीत उभा राहून कड्याकडे बघत होता आणि कड्यावरचे दोन पांढरे ठिपके पुन्हा हलू लागले होते.

मी धक्क्याकडे निघाले तर समोरून, सगळ्यांच्या उलट दिशेनं, लव्हडे पळत येत होती. गाठोडं वाटेत कुठेतरी टाकलेलं. चेहरा लाल.

“बाई, निखारा द्या! चूल विझवून गेले होते मी.”

“लव्हडे...”

“मासा बघत होता तो! मूर्ख माणूस, एक शब्द बोलला असता तर!” ती हसत होती की रडत होती कळेना. “आरोळी झाली की हाकाऱ्याच्या घरी केक लागतो ना? कसा करतात? आमच्यात नसतो.”

मी फावड्यावर निखारे दिले आणि तिच्या मागोमाग घरात गेले. पीठ, चरबी, मनुका, थोडी साखर. थापून चपटा करायचा आणि वरून सुरीनं आडव्या-उभ्या रेघा ओढायच्या, जाळ्यासारख्या. धोंडे फोडलेल्या तिच्या हातांनी त्या रेघा इतक्या खोल ओढल्या की केकचे चौकोन सुटे होतात की काय असं वाटलं.

“किती वेळ ठेवायचा?”

“जाळं बंद होऊन होड्या वळेपर्यंत.”

“ते इथून कसं कळणार?”

“मी सांगते,” मी म्हणाले आणि बाहेर अंगणात उभी राहिले. तिथून कडा दिसतो.

तो दुपारभराचा खेळ होता. ठिपके डावीकडे जात, थांबत, दोन्ही एकदम खाली येत, होडी गोल फिरे, थवा निसटायला बघे, ठिपके पुन्हा वर. मधून मधून मला वाटे की ते आता मागे बघतील. काकांना ठाऊक नव्हतं ती कुठे आहे. त्यांच्या हिशेबानं ती एव्हाना माळ ओलांडून आईच्या दारात पोचली होती. तरी ते हात एकदाही चुकले नाहीत. शेवटी जाळ्याची दोन टोकं भेटली, होडीतून टोप्या उडाल्या आणि धक्क्यावरून ओरडा उठला.

कड्यावर दोन्ही ठिपके खाली पडले. मग ती लहानशी आकृती वळली. आधी माळाच्या वाटेकडे. बराच वेळ तिकडेच. वाट रिकामी होती. मग, मला स्पष्ट दिसलं, त्यांनी गावाकडे पाहिलं आणि त्यांच्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता.

ते उतरले नाहीत, जवळजवळ घरंगळले.

“काढ गं केक,” मी आत ओरडले.

त्यांचं आतलं बोलणं ऐकायला मी थांबले नाही, धक्क्यावर गेले. तिन्हीसांजेला सगळे तिथे होते. बायका तळघरात मिठाचे थर लावायला लागल्या होत्या, पुरुषांच्या अंगाला खवले चिकटले होते. काका आणि लव्हडे आले तसे आवाज खाली गेले. लव्हडेच्या हातात केक, काकांच्या ओठाला मनुका.

विल्मटमावशी कोपरापर्यंत मिठानं माखलेली बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिनं दोघांना नीट न्याहाळलं.

“मी विचार करत होते,” ती म्हणाली. “हिनं उलटी खाल्ली, तेव्हा मासा फिरला. बाहेर गेला. बरोबर?”

“बरोबर,” लोक म्हणाले.

“मग यानं उलटी खाल्ली, तेव्हा पुन्हा फिरला. बाहेर तोंड होतं, ते आत झालं. साधी गोष्ट आहे. मला तर सकाळीच कळलं होतं.”

“मग सकाळी बोलली का नाहीस, आई?” सॅम्प्सननं विचारलं.

“तू गप्प बस. मीठ आण.”

लव्हडे म्हणाली, “म्हणजे मावशी, मी केलं ते बरोबरच होतं तर?”

“निम्मं,” मावशी म्हणाली आणि केकचा मोठा चौकोन उचलला. चावून म्हणाली, “हे मोच्याकडनं आणलंस की काय?”

सगळं गाव हसलं. सर्वांत मोठ्यानं लव्हडे. आणि काकांचे हात असे काही उडाले की बंदरात शिरणाऱ्या एका होडीनं मुकाट्यानं दिशा बदलली आणि ती धक्क्यावर आदळली.

रविवारचं कुणी काढलं नाही. काका त्यानंतर कित्येक हंगाम वर उभे राहिले. कधी मासा यायला उशीर झाला की कुणी ना कुणी बाई भाजलेली तारली झाकून लव्हडेच्या दारात आणून ठेवी. म्हणे, “तू सुरुवात कर, मग काकांना सांग.” लव्हडे ताट परत पाठवे. एकदा फिरला ते पुरे, उगाच भोवरा करायचा नाही त्या माशाचा, म्हणे.

त्या संध्याकाळची एक गोष्ट राहिली. धक्क्यावरून आल्यावर दोघं अंगणात बाकावर जेवायला बसली. ताज्या तारल्या होत्या. काकांनी आपली शेपटाकडून खाल्ली, अगदी रीतसर. लव्हडेनं आपली डोक्याकडून. शेपूट उरलं तेव्हा ती उठायला लागली, तर काकांनी तिच्या हातातून ते घेतलं, भिंतीवर नेऊन ठेवलं, एक पाऊल मागे येऊन पाहिलं आणि जरा फिरवून नीट माळाकडे केलं.

मग त्यांना मी दिसले.

“काय बघताय, बाई?” ते म्हणाले. “शाळा केव्हाच सुटली.”